कोऱ्या पेटीचा आकडा

३ फेब्रुवारी

ठोंब्या,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नव्हे. तू फोन उचलत नाहीस. मेल केला तर तुझ्या ऑफिसातली कोणी मुलगी ‘आपल्या प्रश्नाबद्दल आम्ही आभारी आहोत’ असं कळवते. सख्ख्या बहिणीला! रविवारी आईशी तुझं बोलणं चाललं होतं, मी तिच्या हातातून फोन घेतला, ‘हॅलो’ म्हणाले आणि तू कट केलास. म्हणून आता कागद. कागद फाडता येतो, पण फाडण्याआधी माणूस एकदा नजर टाकतोच. तुला मी लहानपणापासून ओळखते.

विषय एकच आहे. आईच्या खोलीतलं तुझं यंत्र बंद करायला हवं, आणि ते तिला तू सांगायला हवंस. माझं ती ऐकत नाही.

गेले दोन-तीन महिने तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी वाहतंय. घसा खवखवतो, कोरडा खोकला येतो आणि खोकला आला की आधीच थकलेली ती छाती भात्यासारखी वरखाली होते. छातीचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, छाती होती तशीच आहे, डोळे मात्र कशाने चुरचुरतात ते कळत नाही. मला कळलंय. दुपारी तिला चाकाच्या खुर्चीतून पुढच्या खोलीत आणून बसवलं की तासाभरात डोळे कोरडे होतात. परत आत नेलं, नर्सबाईंनी स्पिरिटने पाठ पुसली की पुन्हा सुरू. पडल्यापासून ती अंथरुणाला खिळलेली आहे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दिवसातून चार वेळा पाठ पुसावी लागते. नर्सबाई आपले हातही त्याच वासाच्या पाण्याने धुतात. खोलीचं दार बंद, खिडकी बंद, आणि भिंतीवर तुझी पेटी, जांभळा उजेड पाडत घुर्र करणारी. पेपर वाचून दाखवायला मी शेजारी बसते तर माझेही डोळे झोंबतात. मी म्हातारी झालेय, पण इतकी नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी हवा तपासण्याच्या कचेरीत आहे. वादविवादात कोणाला बोलू द्यायची नाही, आता दिवसभर मुक्या यंत्रांशी बोलते. ती हातातला मीटर घेऊन आली. पेटी चालू आणि पाठ पुसून झालेली, असं असताना आकडा असा चढला की पोरगी म्हणाली, “बाई, तुमच्या आईंना या खोलीतून उचला.” फॉर्माल्डिहाइड. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्यात बेडूक टिकवून ठेवतात, त्याचाच वायू.

तू मला समजावलं होतंस ते मी विसरलेले नाही. जाळीवर पांढरी पूड, तिच्यावर जांभळ्या दिव्याचा उजेड पडला की ती हवेतलं विष फोडून खाते, आणि शेवटी उरतं पाणी आणि आपण श्वासातून सोडतो तो वायू. सगळं खाते, म्हणाला होतास. मग माझा सरळ प्रश्न: अर्धवट खाल्लं तर काय उरतं?

आईला म्हटलं, दोन दिवस बंद ठेवून बघू. ती म्हणाली, “हात लावून बघ.” म्हणजे लावू नकोस, आणि लावलास तर मी जेवणार नाही. मी एकदा बटण बंद केलं. तिने डोळे न उघडता विचारलं, “त्याचा दिवा कुणी घालवला?” तो दिवा असला की तिला वाटतं, तू पलीकडच्या खोलीत अभ्यास करत बसला आहेस. हे तिने मला सांगितलेलं नाही, नर्सबाईंना सांगितलं.

तू माझ्यावर का रागावला आहेस ते मला माहीत आहे. भर सभेत मी म्हणाले, माझा भाऊ श्रीमंतांच्या बंद खोल्यांना स्वच्छ हवा विकतो आणि रस्ता तसाच सोडतो. त्या वाक्यावर मी आजही ठाम आहे. त्याचा या पत्राशी काही संबंध नाही. आईला फोन कर. एवढंच सांग: ‘बंद कर, मी दुरुस्त करून देतो.’

ताई


१५ फेब्रुवारी

ठोंब्या,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोन वाक्यं! ‘मीटर स्पिरिटला फसतो. आधी वाच, मग बोल.’

वाचलं. चार दिवस दुसरं काही केलं नाही. इतिहास शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईने तुमची ती शब्दांची कुंपणं ओलांडून वाचलं. तर ऐक: तू बरोबर आहेस. तो स्वस्तातला मीटर स्पिरिटचा वास आला तरी फॉर्माल्डिहाइड म्हणून बोंब मारतो. एकदा लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही. मीटर आणणाऱ्या त्या मापवालीला सांगितलं तर ती खजील झाली आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या लहान नळ्या घेऊन आली. त्यांतली भुकटी तोच वायू धरून ठेवते, स्पिरिटला भुलत नाही. नळ्या एक दिवस आईच्या उशाशी लटकवल्या आणि दूरच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. निकाल यायला वेळ लागेल. माझ्याकडे वेळ आहे. आईकडे किती आहे ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

पण वाचता वाचता दुसरंच काहीतरी हाती लागलं, आणि तेव्हापासून मी एका जागी बसलेली नाही. हे पत्रही उभ्यानेच लिहितेय, कपाटावर कागद ठेवून.

स्पिरिट त्या पुडीवर एकदम पाणी होत नाही. मधे पायऱ्या आहेत, आणि त्या पायऱ्यांवर डोळ्यांना झोंबणारे, घसा जाळणारे वायू आहेत. तुझ्या जाळीतून हवा भर्रकन जाते, काम अर्धं सोडून. आता तू म्हणशील, ताई, हे मला ठाऊक नाही का? म्हणूनच तर आम्ही काचेच्या पेटीत चाचण्या केल्या, असे वायू कधी वाढलेले दिसले नाहीत.

नाहीच दिसणार! ठोंब्या, ती काचेची पेटी मी पुसलेली आहे. तुझ्याकडे माणसं ठेवायची ऐपत नव्हती त्या उन्हाळ्यात मीच तुझी माणसं होते. आठवतंय? “ताई, पेटी स्पिरिटने पूस. बोटाचा ठसा राहता कामा नये. तू फार पटकन पुसतेस.” प्रत्येक चाचणीच्या आधी पुसायचं. मग पेटी बंद करायची, आत काही न सोडता यंत्र चालू करायचं आणि नळीत जे येईल त्याला म्हणायचं ‘कोऱ्या पेटीचा आकडा’. मग खरी चाचणी, रंगाचा वास, धूर, काय असेल ते. आणि शेवटी त्या निकालातून कोऱ्या पेटीचा आकडा वजा.

पेटी कोरी नव्हती. कोपऱ्यांत, रबराच्या पट्टीत, सगळीकडे माझं स्पिरिट होतं. यंत्र त्याचं विष करत होतं, आणि तुम्ही ते विष दर वेळी मोजून, नीट लिहून, वजा करत होतात. जितकी स्वच्छता जास्त, तितका दोष झाकलेला. तुझ्याइतक्या टापटिपीच्या माणसाकडूनच ही चूक होऊ शकते. माझ्यासारख्या गबाळीने प्रयोगशाळा चालवली असती तर पहिल्याच आठवड्यात उघडकीला आलं असतं.

हे मी टाळ्या घ्यायला लिहीत नाहीये. एक पेटी घे, स्पिरिट लावू नकोस, साध्या पाण्याने पूस, वाळव. मग मुद्दाम थोडं स्पिरिट सोड आणि बघ. आणि ते होईपर्यंत आईला फोन कर. तिच्या डोळ्यांच्या कडा सोलवटल्या आहेत.

ताई


४ मार्च

ठोंब्या,

तुझं उत्तर नाही. नसू दे. आईची तब्येत सुधारते आहे एवढं कळवायला लिहितेय.

डोळे बरे आहेत. खोकला पुष्कळ कमी. काल तिने स्वतःच्या हाताने चहाचा कप धरला आणि मला म्हणाली, “साखर घालायला विसरलीस की आता तीही महाग झाली?” म्हणजे जीभ पूर्ववत आहे. डॉक्टरांनी डोळ्यांत घालायचे थेंब बदलले होते.

यंत्र भिंतीवरच आहे. पंखा फिरतो, जांभळा उजेड असतो. तू विचारण्याआधीच सांगते.

खालचे वकील तिला भेटायला आले होते. आई त्यांना तुझं कौतुक सांगत होती. “सुरुवातीला डोळे झोंबायचे. यंत्राला खोलीची सवय व्हावी लागते. आता बघा, कशी हवा आहे!” वकीलसाहेबांनी दीर्घ श्वास घेतला आणि कोर्टात साक्षीदार फुटल्यासारखा चेहरा करून म्हणाले, “खरंच हो, फरक आहे.” मग माझ्याकडे वळले, “बाई, तुम्ही मात्र उगाच भावाच्या मागे लागता.” मी काही बोलले नाही. मी! काही बोलले नाही! वकील जिना उतरताना मागे वळून वळून बघत होते, ही आजारी आहे की काय म्हणून.

जास्त लिहीत नाही. माझं कशातच लक्ष नाही. भाषणाची दोन आमंत्रणं आली होती, दोन्ही परत पाठवली. विषय होता ‘सार्वजनिक जीवनात सत्य’. घसा बसलाय असं कळवलं.

तू पेटी पाण्याने पुसून बघितलीस का? तेवढं कर. माझ्यासाठी नको, तुझ्या कामासाठी.

आई बरी झाली त्याचं कारण कोणाला सांगत सुटू नकोस. इतक्यात तरी नको.

ताई


१९ मार्च

ठोंब्या,

आज आईने मला खूश होऊन सांगितलं की तू तिचा आवाज टेपवर घेतलास. फोनवरून. ती काय बोलली तेही तिने मला पुन्हा बोलून दाखवलं, शाळेतल्या पाठांतरासारखं: “मला दम्याचा जुना त्रास. माझ्या मुलाने केलेल्या यंत्रामुळे माझे डोळे, घसा, खोकला, सगळं बरं झालं.” आणि हा आवाज तू छातीच्या इस्पितळात ऐकवणार आहेस. दम लागणाऱ्या रुग्णांच्या वॉर्डात तुझी यंत्रं लावायचा करार आहे, अठ्ठावीस तारखेला दुपारी अकराला त्यांची बैठक आहे, यंत्रं पोचलीसुद्धा आहेत.

बैठक दुपारी की सकाळी ते मला नीट समजलं नाही. आईला विचारून पुन्हा खात्री करीन. वर चुकीचं लिहिलं असेल तर असू दे, खोडत नाही.

आता ऐक. ते यंत्र बंद आहे.

तुझ्या कार्डानंतर, नळ्या उतरवल्यावर, आईला अंघोळीसाठी बाहेर नेलं होतं तेव्हा मी वायरमनला बोलावलं. त्याने तुझा दिवा काढला आणि त्या जागी बाजारात मिळतो तो साधा जांभळा बल्ब बसवला. पंखा तसाच ठेवला. वायरमन म्हणाला, “हे कशाला बाई? शोभेला?” मी म्हटलं, “हो, शोभेला.” तुझा दिवा माझ्या कपाटात साड्यांच्या खाली गुंडाळून ठेवलाय. आई परत येऊन आडवी झाली, भिंतीकडे बघितलं, समाधानाने डोळे मिटले. तिसऱ्या दिवसापासून खोकला उतरला. थेंब डॉक्टरांनी बदलले होते हेही खरं आहे. गेल्या पत्रात मी तेवढंच खरं लिहिलं.

म्हणजे तू जो आवाज टेपवर घेतला आहेस तो तुझ्या यंत्राने बऱ्या झालेल्या बाईचा नाही. तुझं यंत्र बंद झाल्याने बऱ्या झालेल्या बाईचा आहे. समजलं? पुन्हा वाच. मी तिच्याशी खोटं वागले, आणि ते खोटं आता वॉर्डाच्या दारात उभं आहे, साक्ष द्यायला!

नळ्यांचा निकाल आलाय. तुझा दिवा असतानाच्या नळ्यांत जे सापडलं ते बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट. बल्ब बसवल्यानंतर मापवालीने पुन्हा नळ्या लटकवल्या होत्या. त्यांत जवळजवळ काही नाही. तेच स्पिरिट, त्याच नर्सबाई, तीच बंद खिडकी, तीच आई. कागद सोबत जोडलेत. या नळ्या स्पिरिटला फसत नाहीत, तेव्हा दुसरं कार्ड पाठवायची तसदी घेऊ नकोस.

इस्पितळात स्पिरिट कुठे कुठे असतं ते तुला मी सांगायला हवं का? प्रत्येक खाटेच्या पायाशी बाटली. डॉक्टर हात चोळतात, नर्स हात चोळतात, भेटायला आलेला जावईसुद्धा हात चोळतो. खाटा पुसतात, फरशी पुसतात. आणि वर तुझा जांभळा उजेड. अशा ठिकाणी दम लागलेली माणसं झोपणार आहेत. त्यांना उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. बटण कुठे आहे तेही त्यांना माहीत नसतं.

मी आयुष्यभर व्यासपीठावरून ओरडत आले की हवा कोणाच्या मालकीची नाही. आज ओरडत नाही. शांतपणे सांगते: यंत्रं मागे घे. मी इस्पितळाला कळवलं तर तू लबाड ठरशील, आणि तू लबाड नाहीस. तू स्वतः कळवलंस तर चुकलास एवढंच होईल. मला तुझी कंपनी बुडवायची असती तर एक सभा पुरली असती.

तू ती पूड कशासाठी घोटायला बसलास ते मला माहीत आहे. आईला पहिल्यांदा दम लागला त्या वर्षी. तुझं शिक्षण चालू होतं, तू उशा रचून तिला बसतं करायचास, आणि म्हणायचास, “ताई, हवा आहे रे, पण आत का जात नाही?” घाबरलास की तू मला ‘रे’ म्हणायचास. मला हे माहीत आहे. म्हणूनच तू हे पत्र अर्धं वाचून ठेवू नकोस.

ताई


२६ मार्च

ठोंब्या,

बैठक सकाळी अकराला आहे. खात्री केली.

उत्तर आलं नाही. आईला फोन आला होता, पण तू फक्त “औषधं वेळेवर घेतेस ना” विचारलंस. यंत्राचं तू काही बोलला नाहीस असं ती म्हणाली. ती विचारत होती, “त्याचा आवाज असा का येतोय?” मी म्हटलं, लाइन खराब असेल. बघ, एकदा सुरू झालं की किती सहज जमायला लागतं.

मी येते आहे. इस्पितळाच्या प्रमुखबाईंना फोन करून सांगितलं की मी उत्पादकाची बहीण, चार शब्द बोलायचे आहेत. त्या म्हणाल्या, “वा, कुटुंबच आलं की!” मी ‘हो’ म्हटलं.

सात पानं लिहून काढलीत. त्यात तुझी कीव नाही आणि तुझी निंदाही नाही. दोन्ही काढायला मला रात्र गेली. एकदा आरशासमोर म्हणून बघितलं आणि मधेच थांबले, कारण माझा आवाज छान लागला होता. अशा गोष्टीला आवाज छान लागू नये.

अजूनही दोन दिवस आहेत. मला तिथे गप्प बसायला लाव, ठोंब्या. मी तुझे उपकार मानीन.

ताई


३० मार्च

ठोंब्या,

तू मला गप्प बसायला लावलंस.

मी तिसऱ्या रांगेत होते. तू मला पाहिलंस, मग चष्मा काढून पुसायला लागलास आणि पुसतच राहिलास. प्रमुखबाई म्हणाल्या, आधी उत्पादकांच्या मातोश्रींचा आवाज ऐकू या. मी पानं घेऊन अर्धी उठले. तेवढ्यात तू उभा राहिलास. तुला चारचौघांत बोलता येत नाही, शाळेत बक्षीस घ्यायला गेलास तेव्हाही मलाच ‘आभारी आहोत’ म्हणावं लागलं होतं. तू टेबलाकडे बघत म्हणालास, “तो आवाज ऐकवू नका. माझ्या आईच्या खोलीतलं यंत्र फेब्रुवारीपासून बंद आहे. ती बरी झाली ती त्यामुळे.”

मग तो बारीक मिशीचा डॉक्टर जरा चढ्या आवाजात म्हणाला, “मग तुमच्या चाचण्यांचं काय?” आणि तू म्हणालास, “आम्ही कोऱ्या पेटीचा आकडा वजा करत होतो. पेटी कोरी नव्हती. गेला आठवडाभर मी तीच चाचणी पुन्हा करतोय. यंत्रं परत न्यायला गाडी आणली आहे.” आणि खाली बसलास.

माझी सात पानं माझ्या हातात घामाने ओली झाली. इतकी वर्षं भाषणं केली, असं एकही वाक्य माझ्या तोंडून गेलं नाही. मला उठून तुझ्याजवळ यायचं होतं. पण प्रमुखबाईंनी मला गाठलं. “तुम्हाला काही बोलायचं होतं ना?” मी म्हणाले, “नाही.” मी बाहेर येईपर्यंत तू गाडीत खोकी चढवत होतास. हमालांना हात लावू देत नव्हतास. मग गाडी गेली. तू वळून बघितलं नाहीस. मी हाकही मारली नाही, हे मान्य.

घरी आले ती थेट आईच्या खोलीत गेले. म्हटलं आता पुरे. चप्पलही काढली नव्हती. सगळं सांगितलं: पूड, स्पिरिट, वजा केलेला आकडा, नळ्या, बल्ब, वायरमन, कपाटातला दिवा. तू सभेत काय बोललास तेही सांगितलं, आणि ते सांगताना मला अभिमानाने रडू आलं. मला वाटलं, तीही रडेल, किंवा तुझ्या यंत्राबद्दल हळहळेल.

आईने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा पाणी मागितलं, प्यायली. मग म्हणाली, “त्याचं चुकलं. तू फसवलंस.”

मी म्हटलं, “आई, तुझे डोळे—”

“माझे डोळे माझे होते. मला सांगायचं होतंस, भांडायचं होतंस. गावभर भांडतेस. माझ्याशी भांडायला तुला काय झालं होतं? मी अंथरुणाला खिळले म्हणून मला बल्ब दाखवायचा?”

मी म्हटलं, “तू ऐकलं नसतंस.”

“मग नसतं ऐकलं,” ती म्हणाली. “तो माझा निर्णय असता.”

ठोंब्या, ऐक. हेच वाक्य मी किती सभांत म्हटलं असेल! दुबळ्या माणसाच्या वतीने कोणी परस्पर ठरवू नये, त्याच्या भल्यासाठीसुद्धा नाही. लोक टाळ्या वाजवायचे. आईने ते माझ्याकडूनच ऐकलं असेल, की आधीपासून तिलाच माहीत होतं, कोण जाणे.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. रुसवा नव्हे. रुसल्यावर ती टोमणे मारते, ते मला चालतात. हे वेगळं आहे. मी गोळ्या दिल्या तर घेत नाही, त्याच गोळ्या नर्सबाईंनी दिल्या की घेते. नर्सबाई बिचाऱ्या अवघडतात. काल आईने त्यांना सांगितलं, “या बाईंना म्हणावं, पेपर वाचायची गरज नाही. मला खरं काय आहे ते कळायला दुसरी सोय बघते.” खालचे वकील येऊन तासभर वाचून गेले. कोर्टातल्यासारखं वाचतात, प्रत्येक वाक्यावर हरकत घेतल्यासारखं. ती ऐकत होती.

काल तुझा फोन आला तेव्हा मी दारात उभी होते. ती तुझ्याशी हसून बोलली. म्हणाली, “चुकतं रे. तू सांगितलंस ना? मग झालं.” बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “नवीन काही करशील तेव्हा कर. घाई नाही. मला आता उघड्या खिडकीची सवय होतेय.” आणि मग आवाज खाली आणला. त्यापुढचं मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाला? ती उशीवर मान वळवून झोपली.

तुला किती नुकसान झालंय ते मला कळत नाही, विचारायचा अधिकारही नाही. तू पुन्हा उभा राहशील. ज्याला स्वतःचा आकडा चूक म्हणता येतो, त्याला दुसरा आकडा मांडता येतो. हे भाषण नाही. तुला भाषण वाटलं तर वाटो.

पण आता मला एक मागायचंय. तू ये. इथे कोणीतरी असायला हवं ज्याच्याशी ती बोलते. नर्सबाई सहा वाजता जातात. त्यानंतर सकाळपर्यंत या घरात आम्ही दोघी असतो आणि एक शब्द नसतो. तिला बसतं करायला मी हात दिला तर ती पलंगाची कड धरते, दम लागेपर्यंत स्वतःच उठायला बघते. माझा हात धरत नाही. तुझा धरेल.

तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही. दार मी लोटून ठेवीन. तू सरळ आत जा, तिला उठवून बसव. मी स्वयंपाकघरात असेन. तिला काही हवं असेल तर ते तू मला सांग, म्हणजे मला कळेल.

ताई